निरोप आला, पण कोणाकडून?

आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डिंभे धरणाच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत वसलेले होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात गावामागचा डोंगर खचला आणि बहुतेक घरे दगडमातीच्या लोंढ्याखाली गाडली गेली. १५१ जणांचा मृत्यू झाला. ही वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकाकडून. नेहमीच्या फेरीवर तो तेथे आला तेव्हा जेथे गाव असावयास हवे होते तेथे केवळ चिखल होता. त्याने जे पाहिले ते कळविले आणि मदतीची यंत्रणा हलली.

या निरोपाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. निरोप देणारा कोण, हे ऐकणाऱ्यास कळत होते. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले, हे निश्चित होते. आणि ज्यांच्याकडून काही कृती घडू शकेल अशांपर्यंत तो निरोप गेला. डोंगरी मुलखातील व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या या तीन गोष्टींवर चालत आले आहेत. आहुप्याहून घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर धाडलेला सांगावा असो वा हिरड्याच्या भावाची बातमी असो, ती कोणी आणली हे आधी विचारले जाई. बातमी खरी की खोटी, याचा निवाडा पुष्कळदा त्या नावावरूनच होई.

आज याच मुलखात घरोघरी भ्रमणध्वनी आहे. काही वाड्यांवर अजूनही बोलण्यासाठी टेकाडावर चढावे लागते; परंतु सातबारा उतारा, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, किसान सन्मान निधीचा हप्ता, लाडक्या बहिणीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम, हे सारे त्या लहानशा पडद्यावर दिसते. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ज्या चौकशीसाठी पूर्वी दिवसभराची पायपीट व बसभाडे खर्ची पडे, तिच्यापैकी बरीचशी आता घरबसल्या होते. ही सोय लहान नाही, आणि तिच्याविषयी कुरकुर करण्याचे कारणही नाही. मात्र या सोयीबरोबर एक मोडतोड झाली आहे व तिची दखल अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही. निरोप आणि निरोपाचा धनी यांची फारकत झाली आहे. पडद्यावर जे नाव दिसते ते निरोप पुढे ढकलणाऱ्याचे असते. तो मामा असेल, शाळेतील सहकारी असेल, उपसरपंच असेल. नाव ओळखीचे म्हणून निरोपही ओळखीचा वाटतो. प्रत्यक्षात तो कोणी, कोठे, कशासाठी तयार केला, याची त्या मामालाही कल्पना नसते.

राईनपाड्याची घटना

या फारकतीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढा तालुक्याकडील नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत असल्याचे संदेश त्या काळात भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरत होते. जमावाने या पाच जणांना तेच समजून पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच त्यांना ठार केले. ज्या वास्तूत परक्या माणसाने आपली ओळख सांगावी व ती पडताळली जावी, त्याच वास्तूत हे घडले, ही गोष्ट पंचायतीचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावी अशी आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा उगम पुढे उघड झाला. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलास उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मूळची पाकिस्तानातील कराची येथे तयार झालेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करणारी लघुचित्रफीत होती. मूल परत आणून सोडल्याचा व लोकांना सावध करणारा तिचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा ‘आपल्याकडची घटना’ म्हणून पुढे पाठविला. चित्रफितीतील एकही दृश्य बदललेले नव्हते. केवळ शेवट कापला आणि गावाचे नाव बदलले, एवढ्यावर भागले. ‘डोळ्यांनी पाहिले ते खोटे कसे?’ असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारल्यास सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

राईनपाड्यानंतरही हे थांबले नाही. टाळेबंदीच्या काळात, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले. त्याही आधी त्या भागात चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तसेच मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात व त्यांच्या मदतीने चोर घरे हेरतात, अशा चर्चेने गावे जागी राहिली. रात्रीचा पहारा ठेवण्यात गैर काही नाही. पहाऱ्यावरच्या माणसांच्या हातात काठी आणि खिशात अशा संदेशांनी भरलेला भ्रमणध्वनी असला, म्हणजे रस्ता चुकलेल्या वाटसरूचे काय होईल, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. भीमाशंकरच्या वाटांवर असे वाटसरू बारमाही असतात. शिडी घाटाने वा गणेश घाटाने चढून येणारे गिर्यारोहक, श्रावणातले यात्रेकरू, गावोगाव फिरणारे भटके व्यावसायिक हे सारे त्या गावांना अनोळखीच.

जुलै २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. अनेक हातांतून फिरून आलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसते, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. ही खूण बहुतेकांच्या नजरेस पडते, पण तिचा अर्थ फार थोड्यांस ठाऊक असतो. दुहेरी बाण म्हणजे या मजकुराचा मूळ सांगणारा आपल्या ओळखीतला नाही, एवढे शिक्षकाने वर्गात फळ्यावर काढून दाखविले तरी पाच मिनिटांत मुलांना समजते, आणि मुलांमार्फत घरी पोहोचते.

बिबट्या खरा, छायाचित्र खोटे

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे येथे बारमाही पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या फडात बिबट्याने घर केले. ऊसतोडणीत सापडणारी पिल्ले, रात्री शेताला पाणी देताना होणारे हल्ले, माणिकडोहचे बिबट निवारण केंद्र हे सारे या भागाच्या नित्य अनुभवाचे विषय आहेत. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांचा क्षोभ रस्त्यावर आला व मंचर येथे पुणे–नाशिक महामार्ग अडविला गेला. भीती खरी होती, तिला कारणही खरे होते.

नेमक्या याच दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेली बिबट्याची छायाचित्रे व चित्रफिती फिरू लागल्या. शहरातील सोसायटीच्या दारात बसलेला बिबट्या, रस्त्यावरून चालणारा बिबट्या, असे त्यांत दिसे. अशी खोटी चित्रे पसरविणाऱ्यांवर कारवाई करण्याचा इशारा वनविभागाला द्यावा लागला. काहींनी हे गमतीखातर केले असेल. पण गमतीचा हिशेब वेगळ्या ठिकाणी चुकता होतो. वनरक्षकांचे पथक, पिंजरे आणि वाहने मोजकी असतात. ती खोट्या चित्रामागे एका दिशेस धावली की दुसऱ्या दिशेस शेतात एकटी राहणारी माणसे तेवढा वेळ उघड्यावर पडतात. शिवाय दहा खोटी चित्रे पाहिलेला माणूस अकराव्या, खऱ्या, सूचनेकडे दुर्लक्ष करतो. ज्या प्रदेशात बिबट्या खरोखरीच अंगणात येतो तेथे खोट्या बिबट्याचे चित्र पाठविणे ही थट्टा राहत नाही.

यावर उपाय अवघड नाही. बिबट्या दिसल्यास वा त्याचे ठसे आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर अथवा परिक्षेत्राच्या वनरक्षकास कळवावे आणि कळविताना तीन गोष्टी सांगाव्यात : कोठे, केव्हा, आणि पाहणारा कोण. आपण पाहिले नसेल तर ‘पाहिले असे अमक्याने सांगितले’ असे म्हणावे. माळीणच्या बसचालकाच्या निरोपात याहून अधिक काही नव्हते.

या दृष्टीने जिल्ह्यात व राज्याच्या इतर भागांत वापरली जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा पाहण्याजोगी आहे. संकटात सापडलेल्या ग्रामस्थाने ठरलेल्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून आपला निरोप सांगितला की तो त्याच्याच आवाजात परिसरातील नोंदणी केलेल्या सर्व भ्रमणध्वनींवर ऐकू येतो. चोर, आग, हरवलेले मूल, बिबट्या अशा प्रसंगी तिचा उपयोग होतो. साधन तेच, वेगही तोच; परंतु निरोपाला धनी आहे. आवाज ओळखता येतो, क्रमांकाची नोंद राहते, खोटे सांगणारा सापडतो. तंत्रज्ञानात दोष आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा फरक विचारात घ्यावा.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाटातून जाणाऱ्या मालावरील जकात त्यात गोळा होई, असे परंपरेने सांगतात. माल कोणाचा, कोठून आला, कोठे निघाला हे विचारल्याशिवाय घाट ओलांडता येत नसे. त्याच तालुक्यात खोडद येथे तीस महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील अतिक्षीण लहरी टिपण्यापूर्वी माणसाने निर्माण केलेला गोंगाट वेगळा काढणे हे तेथील शास्त्रज्ञांचे रोजचे काम. दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच तालुक्यात ही दोन उदाहरणे आहेत, आणि शिक्षकांना वर्गात सांगण्यास ती दोन्ही सोयीची आहेत.

अनोळखी माणूस, ओळखीचा वेष

अफवेत ओळखीचा माणूस अनोळखी मजकूर आणून देतो. आर्थिक फसवणुकीत याच्या उलट घडते. अनोळखी माणूस ओळखीचा वेष घेऊन येतो. बँकेचा अधिकारी, वीज मंडळाचा कर्मचारी, पोलीस, टपाल खात्याचा माणूस, फौजेतला जवान, असे कोणतेही सोंग त्याला चालते. दूरध्वनीवरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि दिसला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

फौजी जवानाचे सोंग भीमाशंकर परिसरातील लहान उपाहारगृहे व घरगुती निवास चालविणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. ‘वीस जणांची तुकडी येत आहे, जेवणाची आगाऊ रक्कम पाठवितो’ असे सांगून समोरचा एक चौकोनी क्यूआर संकेत धाडतो व तो टिपून आपला पिन घालण्यास सांगतो. पिन घातला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे मिळविण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तो केवळ देण्यासाठी लागतो. एवढे एक वाक्य गावातील प्रत्येक दुकानदारास पाठ असेल तर या प्रकारातील बहुतेक फसवणूक तेथेच थांबेल. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात घाईगर्दीच्या वेळी ‘पैसे पाठविले’ म्हणून पडद्यावरचे चित्र दाखविले जाते, तेथेही हाच विवेक उपयोगी पडतो. चित्र तयार करता येते; आपल्या खात्यातील जमा रक्कम आपणच तपासावी.

यात्रेकरूंनाही हा धोका आहे. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधाम यात्रेतील अतिथिगृहे, यात्रेसाठी मोटारी यांच्या खोट्या संकेतस्थळांवरून भाविकांची लूट होते, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास दूरवरून येणाऱ्यांनीही निवासाची रक्कम पाठविण्यापूर्वी ते निवासस्थान खरोखर आहे का, हे गावातील कोणास विचारून घेणे हिताचे आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी, २०२५ मध्ये, तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळे निघाली होती. शासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. मधे कोठे तरी ‘गव्ह’ हा शब्द आला आणि शेवट वेगळाच असला तर ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे.

लग्नसराईत आणखी एक प्रकार घडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ असावयास हवी. ही मात्र ‘एपीके’ अशा अक्षरांनी संपते. तिला बोट लावून परवानगी दिली की पत्रिकेऐवजी भ्रमणध्वनीत एक उपयोजन बसते, येणारे संदेश वाचू लागते, आणि बँकेकडून येणारा एकवार वापराचा संकेतांक, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, तो भामट्याच्या हाती जातो. किसान सन्मान निधीची यादी, वाहनाचा दंड अशा नावांनीही हेच येते. विशेष म्हणजे ही पत्रिका बहुधा ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्याचा भ्रमणध्वनी आधीच ताब्यात गेलेला असतो.

ज्यांच्या हाती साधा संच आहे किंवा तोही नाही, असे आदिवासी पाड्यांवरील अनेक वृद्ध अंगठा लावून पैसे काढतात. एकेकाळी अंगठा ही निरक्षरतेची खूण मानली जाई. आधाराशी जोडलेल्या खात्यात तोच तिजोरीची किल्ली झाला आहे. यंत्रावर अंगठा दोनदा लावण्यास सांगितले तर दोनदा का, हे विचारण्याचा त्या वृद्धेला अधिकार आहे. प्रत्येक वेळी छापील पावती मिळावी आणि ती वाचून दाखवावी, हे ग्रामपंचायत सदस्याने पाहिले तर तो आपल्या पदाचे चीज करील. बोटांचे ठसे काही काळ वापराविना राहणार असतील तर ते आधारच्या व्यवस्थेत कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. गरजेच्या वेळी ते पुन्हा उघडता येतात.

सेवानिवृत्त शिक्षक व कर्मचाऱ्यांना गाठणारा प्रकार ‘डिजिटल अटक’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’, असे सांगून गणवेशातील माणूस चित्र-संभाषणावर तासन्‌तास बसवून ठेवतो, घरच्यांशी बोलू देत नाही आणि ‘चौकशीसाठी’ आयुष्याची पुंजी दुसऱ्या खात्यात वळती करावयास लावतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याविषयी सावध केले होते. आयुष्यभर वरिष्ठांच्या आदेशाचा मान राखलेली माणसेच यात अधिक सापडतात, हे या फसवणुकीचे क्रूर अंग होय. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता आवाजाचीही नक्कल होते. ‘बाबा, मी अडचणीत आहे’ असा मुलाचा आवाज आला तरी दूरध्वनी ठेवून, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः दूरध्वनी करावा. आलेल्या वाटेने उत्तर देऊ नये. आपल्या माहितीच्या वाटेने जावे.

इतके करूनही फसवणूक झाली तर लाज बाळगण्यात वेळ जाऊ देऊ नये. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तेथून पाचव्या-दहाव्या खात्यात काही मिनिटांत जाते व मग रोखीने काढली जाते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळविल्यास ती वाटेत गोठविता येण्याची शक्यता राहते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी.

ही पाचवी-दहावी खाती कोणाची असतात, याचा विचार क्वचितच होतो. ती बहुधा सामान्य तरुणांची असतात. महिन्याला काही हजार रुपये मिळतील म्हणून खात्याचे पुस्तक, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेले असते. शिक्षणासाठी वा कामासाठी शहरात गेलेल्या मुलांना हे आमिष दाखविले जाते. आपण काही चोरले नाही, फक्त खाते दिले, असे त्यांना वाटते. पोलीस मात्र प्रथम त्यांच्याच दारात येतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मदत करणाराही सुटत नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तपासता येते.

कायदा आणि अधिकाऱ्याचा संयम

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम ३५३ खाली लोकांत भीती अथवा समाजगटांत शत्रुत्व निर्माण करणारी खोटी माहिती वा अफवा प्रसृत करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र ती खरी मानण्यास वाजवी कारण असून सद्‌हेतूने सांगणाऱ्यास त्याच कलमात सूट आहे. कलम १०३ मध्ये, पाच वा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येस मृत्युदंड अथवा जन्मठेप सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले.

या तरतुदी हाती असताना अधिकाऱ्यांनीही एक मर्यादा ओळखावयास हवी, आणि तिचा धडाही महाराष्ट्रातलाच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून, अटक झाली होती. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. ग्रामपंचायतीच्या गटावर पाणीपुरवठ्याच्या कामाविषयी कोणी कडक शब्दांत विचारणा केली तर ती अफवा होत नाही. ती विचारणारा आपल्या नावानिशी बोलत असतो, आणि त्याला माहिती देणे हेच योग्य उत्तर होय. टीका आणि अफवा यांत गल्लत झाली की लोक खरे बोलण्यास कचरतात व मग गावात केवळ निनावी मजकूर उरतो.

गटचालक असलेल्या ग्रामसेवक व शिक्षकांना एक शंका नेहमी भेडसावते : सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर आपण अडकू का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला की समान हेतू वा पूर्वनियोजन असल्याचे दिसत नसेल तर केवळ गटचालक म्हणून सदस्याच्या मजकुरासाठी त्यास फौजदारी जबाबदार धरता येत नाही. तथापि कायद्याची जबाबदारी नसली म्हणजे कोणतीच जबाबदारी नाही, असे समजू नये. गटावर संशयास्पद मजकूर आला तर ‘हे कोणी पाहिले, कोठे, केव्हा?’ एवढे गटचालकाने विचारले तरी पुष्कळ काम होते. उत्तर न आल्यास मजकूर काढून टाकावा व तसे गटावर सांगावे. गुपचूप काढलेला मजकूर लोकांना अधिकच खरा वाटतो.

शाळांच्या बाबतीत थोडे वेगळे लिहावे लागेल. आश्रमशाळा व जिल्हा परिषद शाळांतील उपक्रमांची छायाचित्रे गटांवर व समाजमाध्यमांवर उत्साहाने टाकली जातात. मुलीचे नाव, इयत्ता, गाव आणि चेहरा एकत्र प्रसिद्ध करणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिची पूर्ण ओळख देणे होय. चेहऱ्यावरून बनावट अश्लील चित्र तयार करणे आता कठीण राहिलेले नाही. सामूहिक छायाचित्र दुरून घेतलेले असावे, नावे देऊ नयेत, पालकांस विचारावे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती त्यात अपेक्षित आहे. एखादी मुलगी अशा छळाची तक्रार घेऊन आली तर तिचा भ्रमणध्वनी काढून घेण्याची घाई पालक करतात. त्यामुळे दुसरी मुलगी तक्रार करीत नाही. पुरावा जपून ठेवावा, मजकूर पुढे दाखवीत फिरू नये, आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाशी अथवा पोलिसांशी संपर्क साधावा.

गावाने ठरवावयाच्या गोष्टी फार नाहीत. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील शांततेस बाधक घडामोडींची माहिती वरिष्ठांस देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. मग संशयित अनोळखी माणसाविषयीचा निरोप प्रथम त्याच्याकडे व ११२ या क्रमांकावर जावा, गटावर नव्हे, असा ठराव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट वा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सहज होऊ शकतो. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम भागातील अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याखालील ग्रामसभा पाड्यापाड्यांवर भरतात. तेथे हा विषय मराठीत वाचून न दाखविता, पाड्यावरच्या बोलीत, घडलेल्या प्रसंगांसह सांगावा. भटक्या समाजाची कुटुंबे गावात आल्यास त्यांची नोंद पोलीस पाटलाने घ्यावी आणि तसे गावास कळवावे. या नोंदीने गावाचे जेवढे संरक्षण होते तेवढेच त्या कुटुंबांचेही होते.

पावसाळ्यापूर्वी आणखी एक गोष्ट गावकऱ्यांस दाखवून ठेवावी. आपत्तीची सूचना परिसरातील सर्व भ्रमणध्वनींवर एकाच वेळी, मोठ्या आवाजासह पोहोचविण्याची व्यवस्था केंद्र शासनाने उभारली आहे. तिची एक चाचणी २० जुलै २०२३ रोजी सकाळी झाली. आदल्या रात्रीच रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. हातातला संच एकाएकी कर्कश वाजू लागल्याने अनेक जण गोंधळले, आणि संदेशात ही चाचणी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असूनही आपल्या भ्रमणध्वनीत कोणी शिरले की काय, असे कित्येकांना वाटले. खरी सूचना पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही, दहा जणांना पुढे पाठवा असेही सांगत नाही. धोका कोणता, कोणत्या भागात, आणि काय करावे, एवढेच ती सांगते. माळीणच्या उरलेल्या कुटुंबांचे आमडे येथे पुनर्वसन झाले व २ एप्रिल २०१७ रोजी नव्या गावाचे लोकार्पण झाले. डोंगरउताराखाली असलेल्या इतर वाड्यांवर मात्र पावसाळी रात्री अशी सूचना आली तर ती ओळखून, दिवा लावून, शेजाऱ्याचे दार ठोठावणारे कोणीतरी प्रत्येक पाड्यावर जागे असावयास हवे.